नाना पेठेतलं डेंटिंगचं गॅरेज: पत्र्याला पाच तारे, तारखेला दोन

ज्यांना गाडी गणपतीपर्यंत परत हवी आहे आणि नुसती चकाकायला हवी आहे, त्यांनी पुढे वाचायची तसदी घेऊ नये. हे गॅरेज त्यांच्यासाठी नाही. पुण्यात क्वार्टर गेटकडून नाना पेठेत शिरलं की स्पेअर पार्टच्या दुकानांमागे गल्ल्या आहेत. त्यातल्या एकीच्या टोकाला, पत्र्याच्या शेडखाली हे काम चालतं. बाहेर पाटी आहे, पण ती वाचायची तर आधी ओलं फडकं मारावं लागेल. त्यापेक्षा गल्लीत कोणालाही फियाटवाले चाचा कुठे बसतात विचारा, तो हात दाखवेल.

आमची गाडी १९७३ ची. कागदावर प्रीमियर प्रेसिडेंट. पुढच्याच वर्षी याच गाडीचं नाव पद्मिनी झालं, आणि घरात आजवर सगळे तिला फियाटच म्हणत आले. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगला. सासऱ्यांनी हौसेने घेतलेली, त्यांच्या मागे नवऱ्याकडे आली. नवरा इंजिनात रमतो. पत्रा, रंग, बिलं आणि भांडणं हे खातं माझं. मी नोकरीभर ऑडिट केलं आहे, तेव्हा पुढे जे कौतुक येईल ते भोळेपणाचं समजू नये.

दुखण्याचं मूळ २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीत आहे. आंबील ओढ्याला पूर आला तेव्हा गाडी अरण्येश्वरजवळ पार्किंगमध्ये होती आणि पाणी सीटच्या वर चढलं होतं. मेकॅनिकने इंजिन, डायनामो, वायरिंग सगळं उघडून वाचवलं. पण दारांच्या पोटात, रनिंग बोर्डच्या, म्हणजे दारांखालच्या पेटीच्या, पोकळ भागात जो गाळ शिरला तो तिथेच बसला. ओला गाळ आतून पत्र्याला चिकटून राहिला की वर्षभर ऊन पडलं तरी तो भाग पूर्ण सुकत नाही. मग एका पावसाळ्यात दारांच्या खालच्या कडेला रंगाचे फुगे दिसायला लागले. लोखंडापेक्षा गंज कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो रंगाला आतून वर ढकलतो. फुगा बाहेर दिसला याचा अर्थ आतून पत्रा बराच खाल्लेला आहे.

आधी गाडी दुसरीकडे दिली होती. त्या गॅरेजचं नाव घेत नाही. तिथे फुगे खरवडले, वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासली, रंग मारला आणि बिल छापील दिलं. पुढच्या पावसाळ्यात फुगे परत आले, आधीपेक्षा मोठे. पुन्हा विचारलं तर म्हणाले, रनिंग बोर्डला आतून-बाहेरून फायबर मारून देतो, पंधरा दिवसांत गाडी घेऊन जा. तेव्हा नाना पेठेत रबर बीडिंग शोधताना एका दुकानदाराने चाचांचा पत्ता दिला.

चाचांनी पहिल्या भेटीत काय केलं ते सविस्तर सांगते, कारण कुठल्याही डेंटरकडे गाडी नेलीत तर हे तुम्हाला स्वतःला करता येईल. त्यांनी खिशातून जुन्या स्पीकरमधला गोल चुंबक काढला. रंगावर ओरखडा नको म्हणून तो मऊ कापडात गुंडाळलेला होता. बोनेटवर ठेवला, चिकटला. टपावर ठेवला, चिकटला. दाराच्या वरच्या भागावरही घट्ट बसला. मग तो हळूहळू खाली सरकवत आणला आणि कडेपासून वीतभर वर असतानाच तो सुटून त्यांच्या तळहातात पडला. लांबीवर चुंबक बसत नाही. चारही दारांना तेच. नंतर हातोडीच्या लाकडी दांड्याने रनिंग बोर्डवर ठोकत गेले. पुढे टणटण आवाज, मागच्या चाकाकडे जाताना भद्द. तिथे थांबले, स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, घालू का?" मी हो म्हटलं. जोर न लावताच तो मुठीपर्यंत आत गेला.

"ही लांबी आहे," चाचा म्हणाले. "गाडी कुठाय?"

अंदाजपत्रक मागितलं तर नाही म्हणाले. कापल्याशिवाय आकडा सांगणार नाही, सांगितला तर तो खोटा असेल. माझ्यासारख्या बाईला हे ऐकवत नाही. पण त्यांनी जी पद्धत सुचवली ती मला कुठल्याही छापील कोटेशनपेक्षा बरी वाटली. एका वेळी एक भाग उघडायचा. उघडल्यावर मला बोलवायचं, किती कापायचं ते खडूने आखून दाखवायचं, मग त्या भागाचा भाव ठरवायचा. नवा पत्रा बसला की परत बोलवायचं आणि मी बघितल्याशिवाय त्यावर प्रायमर मारायचा नाही. म्हणजे झाकण्याआधी प्रत्येक जोड मी डोळ्यांनी बघणार. मला स्वतःला जाता आलं नाही तेव्हा चाचांच्या भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकले, तेही फुटपट्टी शेजारी ठेवून. डेंटिंगच्या धंद्यात गिऱ्हाईकाला उघडा पत्रा दाखवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. बाकीचे सरळ रंगाच्या शेड कार्डपासून सुरुवात करतात.

रनिंग बोर्डचं काम या गाडीत नाजूक का, तेही सांगते. जीपला किंवा ट्रकला खाली वेगळी चासी असते, बॉडी तिच्यावर बसवलेली असते. फियाटला तसं काही नाही. बॉडी हीच चासी. दोन्ही बाजूंच्या दारांखाली जी पोकळ पेटी आहे, तिच्यावर गाडीचा कणा तोलला जातो. ती गंजली असताना वरून फायबर मारलं तर भोक दिसेनासं होतं, भार मात्र कोणीच उचलत नाही. आणि ती एकदम कापून काढली तर गाडी मधोमध बसते, मग दारं लागत नाहीत.

चाचांनी आधी बॅटरी सोडवली, पेट्रोलची टाकी उतरवून शेडच्या बाहेर लांब ठेवली. गाडी चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चढवली आणि गवंडी वापरतात तसली पाण्याची पारदर्शक नळी लावून चारही कोपरे एका पातळीत आणले. मग दारांच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवे-तिरपे टॅक करून, म्हणजे वेल्डिंगच्या एकेका ठिपक्याने धरून, ठेवले, म्हणजे कापल्यावर चौकट हलू नये. दार आणि खांब यांच्यातली फट किती, हे मोजायला त्यांच्याकडे ड्रिलची बिटं होती. कुठे पाच एमएमचं बिट अलगद जातं, कुठे चारचं, ते खांबावरच खडूने लिहून ठेवलं. एक बाजू पूर्ण होऊन फटी पुन्हा जुळल्यावरच दुसऱ्या बाजूला हात लावला. काम संपल्यावर मी ती बिटं स्वतः घालून पाहिली. मागच्या डाव्या दाराला वरच्या कोपऱ्यात किंचित फरक आहे, बाकी सगळं पहिल्यासारखं. दार लावलं की एकदाच ठक् होतं, ढकलावं लागत नाही.

कापायच्या दिवशी मुद्दाम गेले होते. ग्राइंडरने बाहेरचा पत्रा पट्टीसारखा सोलला आणि आतून गाळ बाहेर आला. बारीक, करडा, थरावर थर बसलेला, वर पापुद्र्यांसारखा गंज. भाच्याने घमेलं खाली धरलं तर ते भरत आलं. रनिंग बोर्डला खालून पाणी जायला भोकं असतात. ती आधीच्या गॅरेजने अंडरकोटिंगच्या काळ्या थराने बुजवून टाकली होती. गंजलेल्या पत्र्यावर तो रबरी थर मारला की पाणी आत अडकतं आणि बाहेरून मात्र गाडीचा तळ नवा दिसतो. चाचांनी आतल्या भिंतीवर बोट फिरवून दाखवलं. बोटाला लाल भुकटी लागली आणि मागचा उजेड दिसायला लागला.

खडूची रेघ त्यांनी जिथे चांगला पत्रा लागला तिथपर्यंत नेली, गंज दिसत होता तिथे थांबवली नाही. इथे बिल वाढतं आणि इथेच बहुतेक गॅरेजवाले हात आखडतात, कारण गंजक्या कडेला वेल्डिंग धरत नाही. जळून भोक पडतं, मग ते भोक लांबीने भरलं जातं. नवा पत्रा वीस गेजचा, म्हणजे साधारण ०.९ एमएम, सीआर, म्हणजे जस्त न चढवलेला साधा पत्रा. मी विचारलं की जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, का नको, त्याला तर गंजच लागत नाही. म्हणाले, वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं, धूर नाकात जातो तो वेगळाच, आणि टाका कच्चा बसतो. म्हणजे जिथे गरज तिथेच ते जस्त उरत नाही.

या गाडीचे रनिंग बोर्ड तयार मिळणं आता अवघड. पद्मिनीचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटली, आणि मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्यावर टॅक्सीच्या जिवावर चालणारा पार्टचा धंदाही आटला. समोरचं एक मडगार्ड नाना पेठेतच कुणाच्या तरी माळ्यावर कंपनीच्या काळ्या प्रायमरमध्ये सापडलं, ते नशीब. हबकॅप जुन्या बाजारात रविवारी मिळाली. बाकी सगळं चाचांनी हाताने वळवलं. फ्लोअरला मुळात ज्या उंच रेघा दाबलेल्या असतात, त्या त्यांनी गोल सळईवर पत्रा ठेवून ठोकून काढल्या. मला ती सजावट वाटली होती. रेघा नसतील तर सपाट पत्रा चालत्या गाडीत पिंपासारखा घुमतो आणि पाय ठेवला की दबतो.

वेल्डिंग सीओटूचं, आणि सलग टाका कुठेही नाही. एक टॅक इथे, दुसरा हातभर लांब, तिसरा परत मधे. प्रत्येक टॅकनंतर मिनिटभर थांबायचं, ओलं फडकं लावायचं, खालून डॉली, म्हणजे हातात धरायचा लोखंडी ठोकळा, धरून वरून हातोडी. सलग ओढलं तर पातळ पत्रा तापून ताणतो आणि थंड झाल्यावर लाटा पडतात. त्या लाटा सपाट करायला परत लांबीच लागते. सगळा वेळ एक पोरगा पाण्याची बादली घेऊन गाडीच्या आतल्या बाजूला बसलेला, कारण ठिणगी टपाच्या कापडात गेली तर गाडी गेलीच. त्याला बघून माझा जीव जरा थाऱ्यावर आला. शेवटी ग्राइंडरने जोड साफ केल्यावर मी नख फिरवून पाहिलं, पुढच्या बाजूला जोड लागत नाही. मागच्या चाकाजवळ लागतो, ते त्यांनी आधीच सांगितलं होतं, कारण तिथे दोन वळणं एकत्र येतात. तिथे लांबी आहे. नखाच्या जाडीएवढी. एवढी लांबी मला मान्य आहे.

गंजावर लावायचं ते ॲसिड, फॉस्फोरिक, त्यांनी फक्त जिथे पत्रा शाबूत आणि वर नुसता लालसर थर होता तिथे वापरलं. भोक पडलेल्या पत्र्याला ॲसिड लावून काय होणार? आणि लावल्यावर ते पाण्याने धुऊन, हीट गनने सुकवून मगच एपॉक्सी प्रायमर. पावसाळ्यात उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर केशरी झाक आलेली असते, म्हणून जेवढा उघडायचा तेवढ्यावर संध्याकाळी प्रायमर मारूनच शेड बंद. हा नियम त्यांनी एकदाही मोडलेला मी पाहिला नाही. पोकळ पेट्यांमध्ये शेवटी लांब नळीने मेण आणि तेल यांचं मिश्रण फवारलं. गाडीत त्याचा वास बरेच दिवस राहिला. मुलगी म्हणाली, गाडीत बसलं की देवघरात बसल्यासारखं वाटतं. दारांच्या तळाची भोकं नव्याने पाडली आणि फ्लोअरवर अंथरलेलं जुनं गोणपाटाचं अस्तर काढून फेकून दिलं. ते पाणी धरून ठेवतं. आता साधी रबर मॅट आहे, उचलली की खाली हात लावून बघता येतं.

आता तक्रारी. त्याही थोड्या नाहीत.

तारीख. गाडी आषाढात दिली, गणपतीत मिळणार होती. गणपतीत चाचा म्हणाले, हवेत ओल आहे, आत्ता रंग मारला तर मला शिव्या द्याल. पटलं. दसऱ्याला पेंटर गावी गेला होता. दिवाळीत सगळेच गावी गेले होते. गाडी घरी आली तेव्हा तुळशीची लग्नं होऊन गेली होती. हवामानाचं कारण खरं होतं, बाकीची खरी असली तरी माझ्या उपयोगाची नव्हती. चाचा फोन उचलत नाहीत. भाचा उचलतो आणि 'ताई, उद्या' म्हणतो. त्याच्या उद्याला तारीख नसते.

बिल. वहीच्या पानावर, शाई पेनने. पत्रा, मजुरी, प्रायमर असे भाग पाडून लिहिलेलं, बेरीज बरोबर. पण पक्कं बिल नाही. दोन्ही रनिंग बोर्ड, फ्लोअर, चार दारांचे तळ आणि डिकीचा तळ मिळून ८४,००० रुपये झाले. रंगाचे ५८,००० वेगळे. फायबरवाल्या गॅरेजने सगळं मिळून याच्या निम्म्यात सांगितलं होतं, तेव्हा हे स्वस्त नक्कीच नाही. मला ते महाग वाटलं नाही याचं कारण इतकंच की कशाचे पैसे दिले ते मी बघितलं होतं.

रंग. इथे मी गॅरेजला तीनच तारे देईन. पेंटर चाचांचा माणूस नाही, तो बाहेरून येतो, आणि शेडला धूळ अडवायला नुसता प्लॅस्टिकचा पडदा. रंगाची छटा मात्र मस्त जुळली. ती त्यांनी डॅशबोर्डमधल्या कप्प्याच्या आतून घेतली, जिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं. बाहेरचा मूळ रंग इतका उडाला होता की आम्ही गाडी करडी समजत होतो. निघाली फिकट निळी. पण टपावर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा आला आणि बोनेटवर दोन-तीन कण अडकले. परत पाठवली, वॉटर पेपर आणि कटिंग-पॉलिश करून बोनेट सुधारलं. टप जवळून पाहिला तर अजून कळतो. मी उंचीने बेताची, त्यामुळे मला तो रोज दिसत नाही.

जुन्या गाडीवाल्यांसाठी कागदपत्रांचंही सांगते. ५० वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ च्या नियमानुसार व्हिंटेज म्हणून नोंद करता येते. फी २०,००० रुपये आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. त्यात अट अशी की चासी, बॉडी शेल, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आम्ही ती नोंद केलेली नाही, कारण तशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही आणि नवऱ्याला रविवारी सकाळी तिच्यातूनच नाश्त्याला जायचं असतं. पण उद्या मुलीला करावीशी वाटली तर अडचण नको, म्हणून मी चाचांना मुळातल्या आकारात काडीचाही बदल करू दिला नाही. त्यांचाही तसा विचार नव्हता. कापलेले तुकडे आणि फोटो जपून ठेवले आहेत. तुम्हीही ठेवा, ते भंगारात द्यायला शेडमधली पोरं फार उत्सुक असतात.

नवीन गाडीचा बंपर घासला, दारावर डेंट आला, इन्शुरन्सचा क्लेम करायचा आहे, असल्या कामांना इथे येऊ नका. कॅशलेस म्हणजे काय हे समजावून सांगण्यात तुमची दुपार जाईल. जुनी फियाट, अँबॅसेडर, जीप, जिचा पत्रा अजून हातोडीचं ऐकतो, तिच्यासाठी या. एका वेळी ते दोनच गाड्या घेतात, तेव्हा आधी भाच्याशी बोलून नंबर लावा. शुक्रवारी दुपारी शेड बंद असते. गल्लीत चारचाकी वळत नाही. दाखवायला नेताना सकाळी दहाच्या आत पोचा, नंतर टेम्पो उभे राहतात आणि तुम्ही मागे-मागे जात क्वार्टर गेटपर्यंत येता. स्टेपनी, जॅक, पाने घरी काढून ठेवूनच गाडी सोडा. आमचा जॅक परत आला. चाकाचा पाना, भाचा सांगतो त्याप्रमाणे, इथेच कुठेतरी आहे.